एकाच तोंडाचं मशीन

नवं मशीन आलं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी ते समोरून पाहिलं. गोल काच, काचेभोवती चकचकीत कडं, वर बटणांची रांग. धाकट्या जावेने तर काचेत डोकावून स्वतःचे केसही नीट करून घेतले. थोरली मात्र सरळ मशीनच्या मागे गेली. कापडाची पारख उलट्या बाजूने करायची, ही लाँड्रीतली तिची जुनी सवय. तीच तिने यंत्रालाही लावली. वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भाऊजी, गंडवलं हो तुम्हाला! ह्याला एकच तोंड आहे."

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. लाँड्रीचा मालक तोच, व्हॅनचा ड्रायव्हरही तोच. तो धावत मागे आला. खरंच की. जुन्या मशीनला पाठीमागे दोन तोंडं होती, एक लाल आणि एक निळं. लाल तोंडात बंबाचं गरम पाणी जायचं, निळ्यात टाकीचं गार. नव्याला एकच, आणि तेही पांढरंफटक. त्याच्या मनात काय आहे, काही कळायला मार्ग नाही.

"दुसरं बसवायला विसरले असतील," धाकटी म्हणाली.

"विसरायला ते काय शर्टाचं बटण आहे?" दीर म्हणाला.

नळजोडणीवाल्याला बोलावलं. त्याच्या खिशातून सदानकदा एक पाना डोकावायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला पान्या म्हणायची. त्याने नळी हातात घेतली, मशीनच्या पाठीकडे पाहिलं, भिंतीतल्या दोन नळांकडे पाहिलं.

"बोला वहिनी. नळ दोन आणि तोंड एक. कुणाच्या घशात कुणाला घालू?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. पाणी हा तिचा प्रांत होता. मागच्या अंगणाच्या पार टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, तांब्याचा भलामोठा बंब होता. तिचा नवरा गेला त्याला बरीच वर्षं लोटली होती. त्याच्यामागे तिला कुणी उणं म्हणून बोललं नव्हतं, ताटात दुजाभाव केला नव्हता. पण नुसत्या प्रेमावर टेकून किती दिवस बसायचं? माणसाला हाताखाली काहीतरी आपलं लागतं. तिचं आपलं म्हणजे हा बंब, ही वाफ आणि ही धुणी. पहाटे ती बंब पेटवायची आणि विस्तव धरेपर्यंत गुणगुणायची. शब्द तिचेच, चालही तिचीच:

बंबातलं पाणी, कढता कढता गातं
हट्टी गं डागाला, घरचा रस्ता दावतं

"गरम जोड," ती म्हणाली. "गार पाण्याने कुठे मळ निघालाय? गार पाणी तोंड धुवायला."

"मलाही तेच वाटलं," दीर म्हणाला.

"मला काहीच वाटलं नाही," पान्या म्हणाला, "पण गरम तर गरम."

बंबाचा पाईप चांगला मनगटाएवढा जाड होता. बंबापासून निघून तो कुंपणाच्या कडेने सगळं अंगण ओलांडायचा, कोपऱ्यावर वळायचा, इस्त्रीच्या खोलीला वळसा घालायचा आणि मग कुठे मशीनच्या खोलीत शिरायचा. जुनं मशीन पाणी घटाघटा प्यायचं, म्हणून सासऱ्यांनी मुद्दाम तो एवढा जाड घातला होता. पान्याने त्यालाच नळी आवळली. गार पाण्याचा नळ शेजारी तसाच राहिला, खाली एक बादली घेऊन, बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखा.

लाँड्रीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे प्रसूतिगृह. बाकी शर्ट-पँट, पडदे, गाद्यांचे अभ्रे यायचे-जायचे. पण चूल पेटती राहायची ती प्रसूतिगृहाच्या गाठोड्यांवर. आणि जिथे रोज कुणी ना कुणी जन्माला येतं, तिथली चादर कोरी कशी राहणार? रक्त, दूध, बाळाची ओकारी. माणूस जगात येतो तो असाच, सांडत-लवंडत. थोरलीला ह्या गाठोड्यांची कधी किळस आली नाही. स्वतःला मूल नव्हतं तिला. कुठल्या चादरीवर कुठलं बाळ आलं असेल, मुलगा की मुलगी, रडलं असेल की नुसतंच डोळे मिटून पडलं असेल, अशा विचारात तिचे हात चालत राहायचे.

कामाची वाटणी आपोआप पडली होती. सकाळी थोरली बंबापाशी गुंतलेली असायची, म्हणून दिवसातलं पहिलं धुणं धाकटी लावायची. ते झालं की धाकटी इस्त्रीला उभी राहायची आणि थोरली मशीनपाशी यायची. मग दिवसभर मशीन तिच्या ताब्यात.

काही आठवडे गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. धुऊन निघालेल्या चादरींवर तपकिरी नकाशे दिसायला लागले. डाग फिकट होऊन उरला आहे असं नव्हे. धाग्यात मुरून, पाय पसरून बसलेला. दीर प्रसूतिगृहातून परत आला तो तोंड पाडूनच.

"मोठ्या सिस्टर विचारत होत्या," तो म्हणाला, "की तुम्ही चादरी धुता की रंगवता?"

मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिका. त्यांच्या आवाजाला रडणारी बाळंसुद्धा गप्प होतात असं लोक म्हणत.

मग घरात ताळा सुरू झाला. कुठली चादर कुणी लावली होती? आणि जे दिसलं ते सगळ्यांनाच चमत्कारिक वाटलं. धाकटीने लावलेलं धुणं बगळ्याच्या पंखासारखं निघायचं आणि थोरलीने लावलेलं डागाळलेलं. एक दिवस नाही, रोज. पावडर तीच, माप तेच, बटण तेच. फक्त हात वेगळा.

"हातगुण म्हणायचा," दीर हसत हसत म्हणाला.

तो हसत म्हणाला, पण शब्द काही हसून विरला नाही. घरभर फिरला, दुकानाच्या पायरीवर गेला, गल्लीत गेला. पान्या दुसऱ्याच कामाला आला तरी विचारून गेला, "काय म्हणतो धाकट्या वहिनींचा हातगुण?" कोपऱ्यावरच्या शिंपिणीने आपला ठेवणीतला टेबलक्लॉथ आणून दिला आणि आवाज खाली करून म्हणाली, "हा तेवढा धाकटीच्या हातून धुवा हं."

ते थोरलीने ऐकलं. उठली, मागे गेली आणि बंबात आणखी लाकडं सारली. तिच्या मते दोष एकच असू शकत होता: पाणी कमी तापत होतं. पाणी कढलं पाहिजे, डागाला चटका बसला पाहिजे. त्या दिवसापासून बंबाच्या तोंडाशी जाळाची जीभ बाहेर यायची आणि पत्र्याचं छप्पर तडतडायचं. आणि चादरींवरचे नकाशे आणखी गडद व्हायचे.

धाकटी स्वभावाने वात्रट. वातावरण हलकं करावं म्हणून इस्त्री फिरवता फिरवता तिने चाल लावली:

जाऊबाईंचा गं राग, बंबालाच ठावा
ओलं गं लाकूडही, पेटतंय केव्हा केव्हा

एरवी थोरली तिला दोन ओळी परत फेकायची. त्या दिवशी नुसती म्हणाली, "तू गा बाई. तुझ्या हाताला गुण आहे, गळ्यालाही असेल."

धाकटीच्या हातातली इस्त्री थांबली. "अहो जाऊबाई, माझ्या हाताला कसला गुण? मी चहा केला तर तुमचे भाऊजी बाहेर जाऊन पितात."

पण थोरली बाहेर निघून गेली होती.

कंपनीच्या माणसाला बोलावणं धाडलं. तो भल्या सकाळी आला, कारण त्याला पुढे आणखी घरं करायची होती. त्याने मशीन हलवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "लावा एक धुणं, माझ्यासमोर." सकाळचं पहिलं धुणं. ते नेहमीप्रमाणे धाकटीने लावलं. चादरी निघाल्या त्या अशा, की कंपनीच्या माणसाने एक उचलून स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला लावून पाहिली आणि शर्टाचीच त्याला लाज वाटली.

"मशीनला काही धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहे. हे असं निघत असेल तर तक्रार कसली करता?"

तो गेला, आणि जाताना नकळत थोरलीच्या कपाळी शिक्का मारून गेला. मशीन चांगलं, पावडर चांगली, मग वाईट काय?

दुपारी मोठ्या सिस्टरांचा निरोप आला. उद्याच्या गाठोड्यात डागाची एक चादर जरी निघाली, तरी परवापासून कपडे हमरस्त्यावरच्या मोठ्या लाँड्रीत जातील. परवा सकाळी त्या स्वतः येऊन पाहणार होत्या.

दीर दारात आला. मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. उद्या प्रसूतिगृहाच्या कपड्यांना तुम्ही हात नका लावू. सगळी धुणी धाकटीच करेल. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

विश्रांती! ह्या घरात इतक्या वर्षांत तिला कुणी इतकं गोड आणि इतकं कडू काही दिलं नव्हतं. उद्या एका गाठोड्याला हात लावू नका म्हणाले. परवा मशीनला लावू नका म्हणतील. मग बंबाचं काय काम? आणि बंब गेला तर ती कोण? कोपऱ्यातली एक थोरली जाऊ, वेळेवर जेवणारी.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बंब पेटवला, कढ आणला आणि मुकाट्याने इस्त्रीच्या खोलीत येऊन उभी राहिली. शेजारच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. इस्त्रीखालून कुणाचे तरी शर्ट सरळ होत होते. तिच्या मनाला पडलेल्या चुण्या मात्र तशाच होत्या.

पहिलं धुणं निघालं. दारातून तिला वाऱ्यावर हलणाऱ्या चादरी दिसल्या, शुभ्र, दिमाखदार. दुसरं धुणं लागलं. ते निघालं. मग दार हळूच उघडलं. धाकटी आत आली, पाठीमागे दार लावून घेतलं आणि छातीशी कवटाळलेली ओली चादर टेबलावर टाकली. तपकिरी नकाशा. एक नाही, तीन.

"जाऊबाई," ती म्हणाली, "माझ्या हाताचा गुण संपला हो!"

खोटं कशाला बोला, क्षणभर थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. पण समोर धाकटीचे डोळे भरलेले, नाक लाल झालेलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"रडू नको. बस. नीट सांग. पहिलं धुणं तूच लावलंस?"

"मीच."

"दुसरंही तूच?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"पावडर?"

"तीच. माप तेच. बटणसुद्धा तेच दाबलं, त्याच बोटाने!" धाकटीने बोट दाखवलं, जणू सगळा दोष त्या बोटाचाच.

थोरलीने चादर उजेडाला धरली. हात एकच. पहिल्यांदा पांढरं, दुसऱ्यांदा तपकिरी. तर मग हातगुण ही नुसती वाफ होती. आत काहीतरी दुसरंच शिजत होतं. एवढे दिवस मनावर बसलेला दगड सरकला आणि त्याच्या जागी एक साधा, टोकदार प्रश्न उभा राहिला: सकाळच्या पहिल्या धुण्यात असं काय असतं, जे नंतरच्यात नसतं?

"चल," ती म्हणाली. "पहिलं धुणं लावलंस तेव्हा काय काय केलंस, ते मला करून दाखव. एकूण एक."

धाकटीने दाखवलं. असा दरवाजा उघडला, अशा चादरी भरल्या, अशी पावडर घातली, असं बटण. "आणि मग मी इथे बसते." ती भिंतीशी असलेल्या स्टुलाकडे गेली. "सकाळी इथे पाईपला पाठ टेकून जरा डोळे मिटते. मशीन पाणी पितं तेवढा वेळ. थंडगार लागतं पाठीला, बरं वाटतं."

"थंडगार?"

"हो. नंतर नाही बसवत. नंतर चटका बसतो."

थोरली पुढे झाली आणि पाईपला हात लावला. "आई गं!" हात झटकून मागे घेतला. बंबाची सगळी आग त्या पाईपात होती. तिने पोळलेली बोटं ओठांशी धरली आणि तशीच उभी राहिली. डोळे मात्र पाईपाच्या वाटेने मागे मागे निघाले: भिंतीतून बाहेर, इस्त्रीच्या खोलीला वळसा, कोपरा, कुंपण, सगळं अंगण, आणि त्या टोकाला बंब. केवढा लांबचा रस्ता! रात्रभर ह्या जाड पाईपात पाणी निजलेलं असणार, गार होऊन. सकाळी मशीन नळ उघडतं तेव्हा आधी काय येणार? हे निजलेलं गार पाणी. मागून गरम पाणी निघतं खरं, पण ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मशीनची तहानच भागलेली असते.

"हे पितं तरी किती?" तिने विचारलं.

"कुठे हो! जुनं प्यायचं हौदभर. हे आपलं पाखरासारखं. चोच बुडवली की झालं."

"म्हणजे तुझं पहिलं धुणं," थोरली सावकाश म्हणाली, "गार पाण्यात होत होतं. रोज. आणि माझी बाकीची सगळी कढत पाण्यात."

धाकटीला आधी हसू आलं, मग ते तिथेच गोठलं. "पण गार पाण्याने मळ कुठे निघतो, तुम्हीच म्हणाला होता ना?"

"मी म्हणाले होते. मी काय बंबाची वकील!" थोरली म्हणाली. "दोन टमरेलं आण."

न धुतलेलं तिसरं गाठोडं कोपऱ्यात होतं. त्यातलं रक्ताने माखलेलं एक फडकं घेऊन तिने मधोमध फाडलं. एक तुकडा कढत पाण्यात टाकला, एक गार पाण्यात. कढत पाण्यातल्या तुकड्यावरचा डाग डोळ्यांदेखत रंग बदलायला लागला. लाल होता, विटकरी झाला, मग तपकिरी, आणि धाग्याला घट्ट धरून बसला. गार पाण्यातल्या तुकड्यातून मात्र लाल धूर निघावा तसं रक्त वर यायला लागलं, वळणं घेत, मोकळं होत.

"उकळत्या पाण्यात अंडं फोडून टाकलं तर काय होतं गं?"

"घट्ट होतं."

"आणि गार पाण्यात?"

"पसरतं. विरून जातं."

"रक्त काय, दूध काय, अंडं काय, सगळी एकाच गोतातली," थोरली म्हणाली. "मी चादरीवर डाग शिजवत होते. रोज लाकडं वाढवून, चांगले खरपूस!" आणि मग तिला जुनं मशीन आठवलं. ते आधी निळ्या तोंडाने पाणी घ्यायचं, गारात कपडे खळबळायचं, ते पाणी सोडून द्यायचं आणि मग कुठे लाल तोंड उघडायचं. तिने तेवढं लालच लक्षात ठेवलं होतं. निळ्याचे उपकार कधी मोजलेच नाहीत.

"आता काय करायचं?" धाकटी म्हणाली. "ह्यांना फोन करू? पान्याला बोलावू?"

"पान्याला कशाला? पान्याला पाना आहे, मला हात नाहीत?"

तिने आधी गरम नळ स्वतःच्या हाताने बंद केला, क्षणभर हात त्यावरच ठेवला, मग फडक्याने नळी धरली आणि पिळली. इतक्या वर्षांचं चादरी पिळलेलं मनगट ते. नळी कुरकुरली आणि सुटली. मग खालची बादली पायाने बाजूला सारून तिने नळी गार नळाला आवळली.

"बंबाला वाईट वाटेल हो," धाकटी हळूच म्हणाली.

"त्याला म्हणावं, आंघोळीचं पाणी तापव. अंगावर रक्त घेऊन कुणी आंघोळीला येत नाही."

तिसरं गाठोडं आत गेलं. नकाशे उमटलेल्या चादरी थोरलीने गार पाण्यात पावडर घालून वेगळ्या भिजत ठेवल्या. बघू, शिजलेला डाग किती सोडतो ते. बटण दाबलं. मशीनने चोच बुडवली. थोरलीने काचेवर तळवा ठेवला. गार. आतल्या चादरी उलटत-पालटत होत्या आणि पाणी हळूहळू गुलाबी होत होतं. तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने तिला वाटलं भास आहे. मग वाटलं, नाही. काच कोमट झाली होती.

"अगं, हात लाव! हात लाव इथे!"

धाकटीने हात लावला. दोन तळवे शेजारी शेजारी, एक रापलेला, एक ओलाचिंब. काच आणखी ऊब धरत होती, घाई न करता, आधी डागाला वाट मोकळी करून देऊन मग मळाला ऊब देत.

"ह्याच्या पोटातच बंब आहे!" थोरली ओरडलीच. "म्हणून एक तोंड! ह्याला बाहेरचं गरम नकोच आहे. गार पितं आणि आपलं आपण तापवतं!"

धुणं संपलं. दरवाजा उघडला तर वाफ नाही, ऊब नाही. शेवटचं खळबळणं गार पाण्यातच झालेलं, म्हणून हाताला गार कपडे लागले. धाकटीचा चेहरा पडला. लाँड्रीत गार कपडे निघणं म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढीच तिला ठाऊक असलेली रीत. थोरलीने दोन टोकं धरून चादर झटकली. उजेड त्या कापडावर पडला आणि खोलीच जणू एका पायरीने वर चढली. पांढरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उलट-सुलट, नुसती पांढरी. दुसरी काढली, तिसरी काढली, दुपटी काढली. सगळी तशीच. दोघी जावा मशीनपुढे उकिडव्या बसून अशा हसल्या, की कोपऱ्यावरची शिंपीण शिवण सोडून दारात आली.

"काय झालं गं?"

"हातगुण!" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "नळाला हातगुण आलाय!"

दीर आला तेव्हा त्याला आधी दोन टमरेलं दाखवली, मग चादरी, मग थोरलीची पोळलेली बोटं. त्याने एकेक पाहिलं. शेवटी डोकं खाजवत कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि फोन थोरलीच्या हातात दिला. "तुम्हीच बोला वहिनी."

तो माणूस आधी ऐकून घेईना. "गरमचा नळ? गरमचा? अहो, गरमचा म्हणून कोण जोडतं का? ही मशीनं पाणी इतकं थोडं घेतात, की लांबच्या टाकीतलं गरम पाणी पोचेपर्यंत नळ बंद झालेला असतो. म्हणून दुसरं तोंड द्यायचंच सोडून दिलं आम्ही. लागेल तेवढं आतच तापतं. आणि हल्लीच्या पावडरीत डाग खाणारे घटक असतात. ते कढत पाण्यात पडले, की काम करायच्या आधीच गार होतात, म्हणजे कायमचे."

"हे तुम्ही आल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"आणि तपासायला आलात ते नेमके सकाळच्या पहिल्या धुण्याला!" थोरली कडाडली. "आता परत कधी तपासायला गेलात ना, तर दोन धुणी बघून चहा प्या!"

पलीकडून "हो बाई, हो बाई" ऐकू आलं. दिराने फोन परत घेतला तेव्हा तो हसत होता, पण हसता हसता त्याची मान खाली गेली.

"वहिनी, मी काल जे बोललो..."

"बोललात ते बोललात," ती म्हणाली. "आता ती गार टाकी घासून घ्या. हे पितंय ते पाणी स्वच्छ हवं."

सकाळी मोठ्या सिस्टर आल्या. पांढरा गणवेश, पांढरे बूट, कपाळाला एकच आठी. अंगणात दोरीवर चादरी होत्या, टेबलावर घड्यांचे ढीग होते. त्यांनी ढिगाच्या वरची घडी सोडून मधलीच ओढली. उलगडली. मग तळातली. मग दोरीवरची एक पकडून सूर्याकडे धरली.

"ह्यातल्या दोन चादरींवर सावली राहिली आहे," थोरलीच म्हणाली आणि वेगळ्या ठेवलेल्या दोन घड्या पुढे केल्या. "त्या आमच्या चुकीच्या. शिजल्या होत्या. बाकीच्या सोडवल्या, ह्या हटून बसल्या. ह्यांच्या जागी आम्ही नव्या देऊ."

"शिजल्या?" मोठ्या सिस्टरांनी भुवया वर केल्या. थोरलीने सगळं सांगितलं: तोंड, पाईप, निजलेलं पाणी, टमरेलं. ऐकता ऐकता सिस्टरांच्या कपाळावरची आठी सुटत गेली आणि शेवटी त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की दोरीवरचे कावळे उडाले.

"अहो बाई, रक्ताला गार पाणी हे आम्हाला शिकायला लागल्या लागल्याच सांगतात! मी म्हटलं, लाँड्रीवाल्यांना हे काय सांगायचं!"

"सांगायला हवं होतंत," थोरली म्हणाली. "माझ्या कानात बंबाचाच आवाज होता."

सिस्टरांनी पुन्हा एकदा चादरीवरून हात फिरवला, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "इतकी पांढरी चादर माझ्या वॉर्डात मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. कुणाच्या हातचं धुणं आहे हे?"

दीर काही म्हणायच्या आत धाकटीने थोरलीचं मनगट धरून हात वर केला. पोळलेल्या बोटांचा, नळी सोडवणारा, नळी जोडणारा हात. "ह्या हातचं. आमच्या जाऊबाईंच्या."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मग ऐका बाई. हमरस्त्यावरच्या लाँड्रीचं राहू दे. आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे आजवर कुणाला द्यायची माझी छाती झाली नव्हती. तेही आजपासून तुमच्याकडे. पण एक अट आहे: धुणं तुमच्याच देखरेखीखाली लागलं पाहिजे."

थोरलीने दिराकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती; तो व्हॅनच्या किल्ल्या घेऊन फाटकाकडे पळत सुटला होता, आणि पळता पळता ओरडत होता, "आणतो वहिनी! आत्ता आणतो!"

ती मशीनच्या खोलीत गेली. गोल दार सताड उघडलं, बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. अंगणात पांढऱ्या चादरी वाऱ्याने फुगून जहाजाच्या शिडांसारख्या ताठ झाल्या होत्या आणि बाहेर सिस्टर शिंपिणीला मोठ्या आवाजात गार पाण्याचं माहात्म्य सांगत होत्या.

"धाकटे," थोरलीने हाक मारली, "कुठे उभी राहिलीस? कोपऱ्यातलं आजचं धुणं सगळं इकडे आण. अगं, सगळं!"